डाव्या दाराचा गंज

बान ना क्लुआ, माएक्लोंगजवळ
१२ ऑगस्ट

पूज्य भंतेजी,

तुमच्या थोरल्या बहिणीची वंदना. तुम्हाला 'तुम्ही' लिहिताना हात अडखळतो, कारण मागच्या महिन्यापर्यंत मी तुम्हाला गाढव म्हणत होते. पण डोकं भादरलं, अंगावर चीवर आलं, आईनंसुद्धा तुमच्यापुढे गुडघे टेकले, तिथे माझी काय कथा. वर्षावासाचे तीन महिने संपेपर्यंत मी हे पाळणार आहे. मध्येच 'तू' निघून गेलं तर क्षमा असावी.

विषय गाडीचा आहे. आईला बळेच बाजारात नेलं होतं, येताना तिच्या पायातली चप्पल निसटली ती गाडीच्या तळातून थेट रस्त्यावर पडली. मी थांबून मागे जाऊन उचलून आणली. गाडी चालवताना आता माझ्या पायाखाली रस्ता पळताना दिसतो, आणि डावं दार मी सुंभानं बांधते, कारण ज्या खांबाला ते लटकलंय तो खांब बोटानं दाबला तर भुसा पडतो. बाबांनी जन्मभर तिच्यातून ओलं मीठ वाहिलं आणि धुवायची म्हटली तर खाडीच्या पाण्यानं धुतली. तिनं तरी किती सोसायचं.

सांगियम मिस्त्रीला दाखवली. तो खाली झोपून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सायपिन, गाडीला गंज लागलेला नाही. गंजाला थोडी गाडी लागलीय." त्याचं म्हणणं, तळ आणि डावी बाजू खांबासकट कापून नवा पत्रा जोडायचा. पावसात मीठ नाही, गाडीला काम नाही, तेव्हा आत्ताच करून घ्यावं. पाऊस संपला की मी कोठारातलं मीठ घेऊन मासे खारवणाऱ्यांच्या दारोदार फिरणार, तेव्हा गाडी नसेल तर कोठार आणि मिठागर दोन्ही दलालाच्या हवाली करावी लागतील. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण विहारात गेल्यावर माणसं काय काय विसरतात कोण जाणे.

गाडी बाबांनी तुमच्या नावावर केलेली, म्हणून विचारते. कापू ना?

आई तशीच आहे. बाबा गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसते ती बसतेच. दोन घास खाते, तेही मी ओरडले तर. तुम्ही भिक्खू झाल्याचं पुण्य बाबांना पोचलं असेल. आईपर्यंत अजून काही आलेलं दिसत नाही.

सायपिन


अरण्यविहार, लोएईचे डोंगर
२० ऑगस्ट

उपासिका सायपिन यांस,

सुखी असा. पत्र मिळालं. त्यात 'तुमची गाडी' असं दोनदा वाटलं मला वाचताना, एकदाही लिहिलेलं नसताना. ताई, मी इथे 'माझं' म्हणणं सोडायला आलो आहे. लोखंड आलं तसं जाणार. ते आपल्याला जाताना दिसतं हे आपलं भाग्यच समजायचं. तळाला पडलेल्या भोकातून रस्ता दिसतो, तर तो शांतपणे पाहावा. तुमच्या मनाला जे योग्य वाटेल ते करा. माझा त्या गाडीशी काही संबंध उरलेला नाही.

फक्त सांगियमला सांगा, पातळ पत्रा वापरायचा नाही. मागच्या खेपेला त्यानं बसवलेला पत्रा खड्ड्यातून जाताना टाळ्या वाजवायचा. जोडकामाआधी पेट्रोलची टाकी उतरवायला लावा, तो कंटाळा करतो. डाव्या काचेची मूठ उलटी फिरते ती तशीच राहू दे, ती मी मुद्दाम तशी बसवलीय. आणि कुठला खांब कुठवर गेलाय ते मला नीट कळलं नाही, तर जमलं तर चित्र काढून पाठवा.

ध्यानाला बसून डोळे मिटले की सध्या मला गाडीचा तळ दिसतो. विहाराच्या मोठ्या महाराजांना सांगितलं. ते म्हणाले, "बघत राहा." मी बघतोय. मागच्या चाकाच्या वरचा भाग मला फारसा बरा वाटत नाही.

आईला माझे आशीर्वाद सांगा. हे वाक्य लिहिताना मलाच चमत्कारिक वाटतं.

भिक्खू बुनसोंग


बान ना क्लुआ
३ सप्टेंबर

पूज्य भंतेजी,

तुमचं उत्तर येईपर्यंत इथे वेगळंच घडलं. नीट बसून वाचा.

शेजारची चुआन मावशी खल परत करायला आली होती. पाऊस पडून गेलेला, गाडी अंगणात ओली उभी. जाता जाता ती डाव्या दारापाशी थबकली, वाकली, आणि म्हणाली, "अगं, इथे पाच आहे. आणि हा बघ आठ." मी म्हटलं, "मावशी, तो गंज आहे." ती म्हणाली, "गंज आहे ते मलाही दिसतंय, पण आकडा कितीचा आहे?" तेवढ्यात आई उठून बाहेर आली. बाबांच्या अग्निसंस्कारानंतर ती स्वतःहून उंबरा ओलांडून आली ती पहिल्यांदा. दाराकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "त्यांना काहीतरी सांगायचंय."

तुम्हाला आपली माणसं माहीत आहेत. मावशीनं जाऊन लॉटरीत अठ्ठावन्न लावला. पहिल्या तारखेच्या सोडतीत शेवटचे दोन आकडे अठ्ठावन्न आले.

आता अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पहाटेपासून माणसं येतात, दारावर अंगाला लावायची पावडर चोळतात, तिरका उजेड पाडून बघतात, आकडे पुटपुटतात. आरशाला झेंडूच्या माळा, बॉनेटला तीन रंगांचं कापड. हेडलाइटपुढे कुणी लाल सरबताची बाटली ठेवली, नळी घालून. बाबांना गोड चालत नव्हतं हे कुणाला सांगू.

आई गाडीशेजारी स्टूल टाकून बसते. जो येतो तो आधी तिच्या पाया पडतो, मग दारापाशी जातो, मग परत तिच्यापाशी येऊन कानात विचारतो. ती डोळे मिटते आणि काहीतरी सांगते. आणि भंतेजी, ती जेवते. परवा तिनं तळलेला अख्खा प्लातू मासा खाल्ला, डोकंसुद्धा चोखलं, आणि मला म्हणाली, मीठ कमी पडलं. मिठागरातल्या घरात हे बोलणं ऐकून मी आत जाऊन रडले.

सांगियम पत्रा कापून तयार बसलाय. जाड आहे, बघून घेतला. आता सांगा, मी काय करू?

सायपिन


अरण्यविहार
१० सप्टेंबर

उपासिका सायपिन यांस,

वाचून खेद झाला. बुद्धांनी जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं एका अंगणात, एका दारावर चाललं आहे. गंज हा हवा, पाणी आणि मीठ यांचा उद्योग आहे. बाबांना काही सांगायचं असतं तर ते बोलले असते. हयातीत ते बोलायचे थांबत नव्हते, ते आता खुणा कशाला करतील? उपासकांना माझ्या नावानं बजावा की ज्यानं श्रम केले त्यालाच फळ मिळतं.

मी इथे नियमानं राहतो. पहाटे तीनला उठतो. आम्ही बारा भिक्खू आहोत. भिक्षेला डोंगर उतरून जावं लागतं, पायांना फोड आलेत, पण मन प्रसन्न आहे. आईनं प्लातू खाल्ला हे वाचून ते अधिकच प्रसन्न झालं. मी ते वाक्य परत परत वाचलं.

तुमचं पत्र मी मोठ्या महाराजांना वाचून दाखवलं, शिकवण म्हणून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. संध्याकाळी झाडलोट करताना ते माझ्याजवळून गेले आणि म्हणाले, "उजव्या दाराला काहीच नाही का?" ही परीक्षा असावी. मी झाडत राहिलो.

गाडीबद्दल माझं मत असं की माझं मत नाही.

भिक्खू बुनसोंग


बान ना क्लुआ
१८ सप्टेंबर

भंतेजी,

यापुढे पत्रात एकही आकडा लिहू नका. तारीखसुद्धा नको.

तुमचं पत्र मी ओसरीवर आईला वाचून दाखवत होते. अंगणात माणसं होती, पण मला वाटलं, उपदेश आहे, ऐकू देत, बरंच होईल. उपदेशापर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं. "पहाटे तीन, बारा भिक्खू" म्हटल्यावर अंगणानं एकदम कान टवकारले. मग एकेक जण उठून नमस्कार करून घाईघाईनं निघून गेला. सोळा तारखेला शेवटचे तीन आकडे तीनशे बारा आले.

आता तुम्ही मोठे झालात. गावप्रमुख सनान म्हणतो, बाप दारातून बोलतो, मुलगा डोंगरातून, असं घराणं पंचक्रोशीत नाही. पोस्टमन तुमची पाकिटं उजेडात धरून बघतो. मी त्याला रागावले तर म्हणाला, "ताई, मी आतलं वाचत नाही, फक्त तिकिटं मोजतो."

सनाननं समिती नेमलीय, गाडी-देखभाल समिती. तिचं पहिलं काम म्हणजे गाडीवर मांडव. पावसानं गंज धुऊन जाऊ नये म्हणून. चारी बाजूंनी खांब पुरले, वर पत्रा, भोवती कमरेइतका विटांचा कठडा, गुलाबी रंग. पूर्ण झाल्यावर सगळे मागे सरून कौतुकानं बघत उभे राहिले. मी विचारलं, "गाडी बाहेर कुठून काढायची?"  मग सनान म्हणाला, "बाहेर कशाला काढायची?"

दुसरं काम मांडव घातल्यावर सुरू झालं. पाऊस बंद म्हणजे नवीन गंज बंद, आणि जुने आकडे तर सगळ्यांनी लावून झाले. म्हणून लोक आता खाडीचं पाणी आणून दारावर शिंपडतात. नेमून दिलेल्या पाळ्या आहेत. पावडर चोळून चोळून आठाच्या जागी भोक पडलंय. त्यावर दोन तट पडले. काही म्हणतात भोक म्हणजे शून्य, काही म्हणतात भोक म्हणजे बाबा या वेळी गप्प आहेत.

बुनसोंग, मी हसत लिहितेय, पण मला झोप नाही. पाऊस ओसरत आलाय. मासे खारवणाऱ्या बायका विचारताहेत, मीठ कधी आणतेस. सांगियमनं सांगितलं, खांब पुरता गेला तर मग छत खाली बसेल आणि त्याला जोडायला काहीच उरणार नाही. दलाल दोनदा येऊन गेला, अगदी प्रेमानं बोलतो, त्याचीच जास्त भीती वाटते. बाबांचं मिठागर मला द्यायचं नाही. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे.

गाडी तुझी आहे. तू भिक्खू आहेस, तुझा शब्द आता आकाशवाणी आहे. एक ओळ लिही, 'कापा'. गाव ऐकेल. आईही ऐकेल.

सायपिन


अरण्यविहार
दिवस पावसाचा

ताई,

कापा असं मी कसं लिहू? गाडी माझी म्हटलं तरच मला हुकूम सोडता येईल, आणि माझी म्हणायचं नाही म्हणून तर मी इथे आहे. हे तुला पळवाट वाटेल. थोडीशी आहेही.

खरं कारण दुसरं आहे. मी घर सोडलं त्या दिवशी आईनं माझ्यापुढे डोकं टेकवलं, आणि ती उठली तेव्हा मला दिसलं की ती कुणाला तरी पोचवून आलेल्या माणसासारखी दिसतेय. आधी बाबा, मग मी. आता तिच्या हाताला एक दार लागलंय आणि ते मी डोंगरावरून कापायला सांगू? ती जेवतेय ना. मला एवढंच बघता येतं.

एक सुचतं. सांगियमला म्हणावं, आकड्याचा तेवढा तुकडा जपून काप आणि चौकटीत बसवून आईला दे. भिंतीवर लावील. बाबा घरात राहतील, गाडी रस्त्यावर जाईल. दोन्ही साधेल असं मला वाटतं.

इथेही बातमी पोचली आहे. कशी ते कळत नाही. भिक्षेला गेलो की लोक भाताबरोबर कागद पेन्सिल पुढे करतात. मी खोकलो तर किती वेळा खोकलो ते मोजतात. मोठ्या महाराजांनी मला टेकडीमागच्या झोपडीत राहायला पाठवलंय. जाताना म्हणाले, "तिथे शांतता आहे. आणि काही सुचलं तर आधी मला सांग." ही पण परीक्षाच असावी.

भिक्खू बुनसोंग


बान ना क्लुआ
१० ऑक्टोबर

बुनसोंग,

तुझी चौकट तुझ्यापाशीच ठेव. मी आईला तेवढंच सांगितलं की तुकडा कापून तुला देऊ, भिंतीवर लाव. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भिंतीवर? मी पुन्हा भिंतीकडे बघत बसू?" त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. ताट जसंच्या तसं परत येतं. लोकांशी बोलते, लोकांनी आणलेलं खाते, माझ्या हातचं नाही.

काल मी कठड्यावरून चढून गाडीत जाऊन बसले. हातात चाक धरून, जागच्या जागी. बाहेरून कुणीतरी काचेला पावडर चोळत होतं. मला हुंदका आला आणि थांबेना. एका माणसानं काच वाजवली आणि अदबीनं विचारलं, "ताई, अश्रू किती?"

कापली तर आई उपाशी मरेल. नाही कापली तर मिठागर जाईल आणि मग तीही जाईल, कारण दलालाच्या दारात ती दोन दिवस टिकणार नाही. मी एकटी आहे आणि थकले आहे. तुझ्याकडून उपदेश नको. काही सुचत नसेल तर पत्रही नको.

सायपिन


बान ना क्लुआ
मंगळवार

महाराजांना आईचा नमस्कार.

तुझं ढुंगण धुतलेल्या हातांनी तुला नमस्कार लिहिते आहे, काळाचा महिमा. शाळा चार यत्ता झाली, त्यामुळे अक्षर लावून घे. सायपिन आगरात गेली आहे. हे पत्र तिला कळता कामा नये. पोस्टमनच्या हातात देताना मी त्याला एक आकडा सांगणार आहे, म्हणजे तो फोडणार नाही.

तुझे बाबा त्या दारात नाहीत. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्या माणसानं हयातभर मला गाडीत पुढे बसू दिलं नाही, पुढे मिठाची पोती आणि मी मागे, तो मेल्यावर माझ्यासाठी दारात येऊन बसेल? मला त्यात पाच दिसला नाही आणि आठही नाही. मला गंज दिसला.

पण चुआन दिसली. बुनसोंग, बाबांच्या अग्निसंस्काराच्या रात्रीपासून आपल्या अंगणात कुणी आलं नव्हतं. आधी रोज कुणीतरी यायचं, मिठाचा भाव विचारायला, बाबांशी भांडायला, उसनं मागायला. ते गेले आणि वाट बंद झाली. बाईमाणसाच्या घरी कशाला जायचं, असं झालं. तू गेलास. सायपिन उजाडायच्या आत आगरात बांध सावरायला, परत येते ती उभ्यानं जेवते आणि आडवी होते. तिचा काही दोष नाही, ती माझ्यासाठीच मरमर करते. पण मी दिवसभर कुणाशी बोलू? भिंतीशी बोलत नव्हते, एवढीच अक्कल शाबूत होती. म्हणून चुआन वाकून बघायला लागली तेव्हा मी म्हटलं, त्यांना काही सांगायचंय. म्हणजे ती आणखी थोडा वेळ थांबेल.

मग माणसं यायला लागली. मी काय केलं ते तुला सांगते, रागावू नकोस. मी प्रत्येकाला वेगळा आकडा सांगते. शंभरांतून एखाद्याला तरी लागतोच. ज्याला लागतो तो सांगायला येतो, ज्याला लागत नाही तो भांडायला येतो. दोघंही बसतात. बसले की मी विचारते, मुलगी कुठे दिली, गुडघा कसा आहे, बायको परत आली का. नंतर नंतर तर काही जण आकडा विचारायचंच विसरतात. मी जेवते ती त्यांच्याबरोबर. एकटीनं घास गिळत नाही रे, एवढंच आहे सगळं.

पण आता सायपिन गाडीत बसून रडताना मी पाहिली. मला आवाज येत होता. मी बाहेर स्टुलावर बसले होते आणि एकाला सदतीस सांगत होते. मला फार लाज वाटली.

गाडी कापायला हवी. पोरीचा जीव त्या मिठात आहे. पण मी तिला काय म्हणून सांगू? मी खोटं बोलले हे सांगितलं तर गाव मला हसेल, ते चालेल. तिच्या घरात मी एकटी पडले होते हे सांगितलं तर ती दुसऱ्या दिवसापासून आगरात जायची नाही, माझ्यापाशी बसून राहील आणि मनातून खंगेल. ते चालणार नाही. तू सांग. तू आता महाराज आहेस, तुला खोटं बोलता येत नाही, पण सगळं खरं बोललंच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नसेल. नियम बघून घे.

जेवत जा. एकदाच जेवतोस तर नीट जेव.

आई


अरण्यविहार
वर्षावास संपला त्या दिवशी

ताई,

पत्र नको म्हणाली होतीस, तरी लिहितो. उपदेश नाही.

गाडी माझी आहे. हे मी आज मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि मग मोठ्या महाराजांपुढे जाऊन कबूलही केलं. ते म्हणाले, "मग मालकासारखं वाग." तेव्हा ऐक. कापा. तळ, खांब, दार, जे जे गेलंय ते सगळं. तुकडा, चौकट काही नको. गावानं विचारलं तर म्हणावं, बुनसोंगनं सांगितलं. आई आडवी येणार नाही. मला कसं माहीत ते विचारू नकोस, मी सांगणार नाही, आणि मला खोटं बोलायला लावू नकोस.

सांगियमला म्हणावं, डावीकडची पुढची सीट आधी पक्की कर. तिच्याखालचा पत्रा सगळ्यात जाड. सीटवर उशी असू दे. मिठाची पोती सगळी मागे. पुढे आई बसेल. रोज. तू माल द्यायला जाशील तिथे तिथे ती येईल, आणि प्रत्येक दारी तू गाडी थोडी जास्त वेळ थांबवशील. ती उतरायची घाई करत नसेल तर तूही करू नकोस. एवढं माझं ऐक, मग पुढं कधी काही सांगणार नाही.

मी कडाक्याच्या थंडीपर्यंत इथे राहीन म्हणतो. नंतरचं नंतर.

बुनसोंग


बान ना क्लुआ
२१ नोव्हेंबर

भंतेजी,

मी पत्र समितीपुढे वाचलं. 'कापा' म्हटल्यावर सनाननं मान हलवली. म्हणाला, "महाराजांचा शब्द खरा, पण दारातल्या माणसाची परवानगी कुठाय?" सगळे आईकडे वळले.  आई स्टुलावरून उठली, दारापाशी गेली, कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "ते म्हणतात, पुरे झालं. फार पावडर झाली."

मग काय विचारता. वाजतगाजत निरोप दिला. गुलाबी कठडा ज्यांनी बांधला त्यांनीच फोडला. सांगियमनं डावी बाजू कापली तेव्हा बायकांनी डोळे पुसले, आणि पत्रा खाली पडल्या पडल्या तुकड्यांवरून मारामारी झाली. प्रत्येक घराला एक मिळाला. दारावर खिळ्यानं ठोकलेत. खाऱ्या हवेत तेही गंजताहेत आणि त्यांत आकडे निघताहेत, त्यामुळे आता प्रत्येकाचे बाबा ज्याच्या त्याच्या घरी आहेत. आमचं अंगण मोकळं झालं. मांडव ओसाड दिसतो. मला आईची काळजी वाटली, पण ती स्टूल उचलून आत घेऊन गेली, एवढंच.

सीट तुम्ही सांगितल्यासारखी केली. का ते मला आज कळलं, आणि मी तुम्हाला काही विचारणार नाही.

आज पहिली फेरी होती. आईनं सकाळी केसांना तेल लावलं, धुतलेलं वस्त्र नेसली आणि माझ्याआधी जाऊन पुढे बसली. सांगियमनं नव्या दारालाही तशीच बसवलेली काचेची मूठ तिनं बरोबर उलटी फिरवली आणि काच खाली घेतली. मासे खारवणाऱ्यांच्या पहिल्या दारी मी पोती उतरवायला मागे गेले, परत येते तो आईभोवती चार बायका. कुणीच आकडा विचारत नव्हतं. एकीचा जावई पळून गेलाय त्याची चर्चा चालली होती. मी परत मागे गेले आणि एकच पोतं दोनदा उचलून ठेवलं, वेळ जावा म्हणून.

बाजाराच्या वळणावर एक माणूस हात वर करून गाडीला आडवा आला. ओळखला मी, बंदरावरचा बर्फवाला, आईनं त्याला सदतीस सांगितला होता. काचेशी येऊन ओरडायलाच लागला, सदतीसपायी त्याची सायकल गेली, आता बर्फ डोक्यावरून वाहतो, म्हातारे, तुझा नवरा खोटारडा.  मी गाडी पुढे काढणार तेवढ्यात आईनं माझ्या हातावर हात ठेवला. मग नवं दार उघडलं, उशी सरकवली, स्वतः माझ्या अंगाशी सरकून बसली आणि त्याला म्हणाली, "आम्ही बंदरावरूनच जातोय. आधी बस, मग भांड."

तो बसला. बंदर येईपर्यंत भांडला, आणि आल्यावरही बराच वेळ उतरला नाही.

सायपिन